बुढीच्या गुडघ्यांसाठी

भाऊबीजेच्या सकाळी माझ्या मेडिकलच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं, की खालून आधी एक काठी दिसायची, मग चिखलाने कायमचे रंगलेले दोन पाय. लटारूमामाजी. सणाच्या दिवशी इतक्या सकाळी दुसरं कुणी यायचं नाही. पायरी चढताना त्यांचा एक हात काठीवर आणि दुसरा बरगडीवर असायचा, आणि तोंड मात्र असं की जणू सहज फिरायला निघालेत.

"सूनबाई, बुढीच्या गुडघ्यांसाठी गोळी दे. अन् ते चोळाचं टूब बी."

मी विचारायचे, "मामीजींचे गुडघे बरे दिवाळीलाच दुखतात?"

"थंडी पडली नं." एवढं बोलून ते छताकडे बघायचे. गोळ्यांची पट्टी हातात पडली की त्यातली एक तिथेच फोडायचे, माझ्या माठातलं पाणी घ्यायचे आणि बुढीच्या गुडघ्यांची गोळी स्वतःच्या घशाखाली उतरवायचे. मग माझ्याकडे न बघता सांगायचे, "कडू तं नाही ना, पाहून घेतलं."

मी पवनीची. लग्न होऊन मोहाडी तालुक्यातल्या या गावात आले, औषधशास्त्राची पदविका पदरात होती म्हणून सासऱ्यांनी बसथांब्याजवळ दुकान काढून दिलं. गावात वडीलधारा तो मामाजी, असं मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. लटारूमामाजी गावाचे ढोरकी, म्हणजे गावभराच्या गाई-म्हशी सकाळी जमवून चारायला नेणारे. त्यांच्या बापानेही तेच केलं, आजानेही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी फजिती केली. मी दुकानात बसलेली, आणि रस्त्यावरून मोठ्याने हाक आली, "ए पवनीवाले! मधात काहून उभी राह्यली? चाल पुढं!" मी घाबरून उठले. बाहेर एक भुरकी गाय खांबाला अंग घासत उभी होती. बाहेरगावाहून विकत आणलेल्या गाईला मामाजी तिच्या माहेराचं नाव ठेवत. कोंढ्याची कोंढावाली, नाकाडोंगरीच्या जंगलाकडून आलेली नाकाडोंगरीवाली. गावातल्या आम्ही सुनाही अशाच नावांनी ओळखल्या जात असल्यामुळे मी आणि ती भुरकी एका नावाच्या निघालो. मामाजींना हे कळलं तेव्हा ते ओशाळले, पण गाईचं नाव काही बदललं नाही. मला म्हणाले, "ते तुह्या आधी आली गावात."

त्यांची चालायची रीत निराळी होती. बाकीचे गुराखी कळपाच्या मागे चालतात, काठी उगारून. हे पुढे चालायचे. काठी खांद्यावर आडवी, तिच्यावर दोन्ही हात टाकलेले, आणि मागे वळून न बघता एक लांब हाक, "हियोऽऽ हो!" अशी काहीतरी. अक्षरांत ती पकडता येत नाही. ती हाक तलावाच्या पाळीवरून आली की दारादारातली गुरं दाव्याला ओढ देऊ लागत. तलावाकडे वळायचं असेल तर हाक वर चढायची, जंगलाकडे तर खाली उतरायची, आणि गाई तशा वळायच्या. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "मांगून हाकललं तं ढोर भेवानं चालते. समोर चाललं तं मनानं चालते." आणि मग खर्र्याची पन्नी काढून तळहातावर घोटत बसायचे. सुपारी-तंबाखूचा तो खर्रा हे त्यांचं एकमेव व्यसन. पण ते एक दहांना पुरून उरेल असं होतं.

आता गायगोधनाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पाडव्याला आमच्याकडे गुरं धुतात, अंगावर गेरूचे ठसे उमटवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात आणि सगळं गोधन आखरावर आणतात. आखर म्हणजे गुरं जमवायचं गावाबाहेरचं मैदान. डफ वाजतात, ढोरकी नाचतात. हे या भागात सगळीकडे होतं. आमच्या गावात एक जास्तीचं होतं. ढोरकी अंगाला हळद लावून वाटेवर पालथा झोपायचा आणि सगळं गोधन त्याच्या अंगावरून पळत जायचं. ज्याने वर्षभर चारलं त्याच्या अंगाला गाईचा खूर लागत नाही, लागला तरी दुखत नाही, असा गावाचा भरवसा होता. मामाजी उठायचे, माती झटकायचे, हसायचे, शेवटच्या गाईच्या पायाला हात लावायचे आणि गाव टाळ्या वाजवायचं.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळले. सासूने माझं तोंड दाबलं. घरी येऊन मी सासऱ्यांशी वाद घातला, नवऱ्याशी अबोला धरला, आणि हे बंद करा म्हणून गावभर सांगत फिरायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी बुढीच्या गुडघ्यांसाठी गोळी मागायला आले. बरगडीवरचा हात मी पाहिला आणि काय ते समजले. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी इतक्या अजीजीने माझ्याकडे पाहिलं की मी मुकाट्याने पट्टी पुढे केली. तेव्हापासून दरवर्षी ते खोटं बोलायचे आणि मी ते खोटं गोळ्यांसोबत बांधून द्यायचे.

त्यांच्या बायकोला, अनुसयामामीजींना, मी आखरावर कधी पाहिलं नाही. सगळं गाव तिथे असताना त्या घरात भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायच्या. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या.

मग एका वर्षी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मामाजी आखरावर गुरं जमवत होते आणि एकदम खाली बसले. दोन्ही हातांनी डोकं धरलं, ओकारी झाली. गडीमाणसं धावली. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं पित्त, एकजण डोकेदुखीची गोळी न्यायला माझ्याकडे आला. मी दुकान तसंच टाकून गेले. मामाजी डोळे मिटून पडले होते आणि एकच बोलत होते, "कोनं कुऱ्हाड मारली रे? कोनं मारली?" मान दगडासारखी ताठ झाली होती. मी गोळी दिली नाही. गाडी बोलवा म्हणून ओरडले. भंडाऱ्याच्या दवाखान्याने डोक्याचा फोटो काढून लगेच नागपूरला पाठवलं.

मेंदूतल्या एका धमनीची भिंत फुग्यासारखी फुगली होती, ती फुटली होती. विलास, त्यांचा मुलगा, तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला. तो सगळे दिवस दवाखान्याच्या पायरीवर राहिला. खर्चासाठी गावाने, सरकारी योजनेने आणि मिलवाल्याने कसा हात दिला ते इथे सांगत बसत नाही. मामाजी वाचले. घरी आले तेव्हा अर्धे झाले होते, पण जीभ शाबूत होती. मला म्हणाले, "डोस्कं दुखे वरतं, अन् डागदर घुसला जांघेतून! मी म्हटलं, बाप्पा, रस्ता चुकला का काय."

पुढच्या तपासणीला विलासने मला सोबत नेलं. समजून घ्यायला कुणीतरी हवं, म्हणाला. डॉक्टर तरुण होते, भला माणूस, कागदावर चित्र काढून बोलत होते. "फुगा फार पातळ होता. साधारणपणे आत बारीक तार भरून तो बंद करतात, किंवा बाहेरून चिमटा लावतात. इथे दोन्ही जमण्यासारखं नव्हतं, हात लावला तर पुन्हा फुटला असता. म्हणून जांघेतल्या धमनीतून वर जाऊन रक्तवाहिनीच्याच आत बारीक विणीची एक जाळीदार नळी बसवली. आता रक्त नळीतून सरळ पुढे जातं, फुग्यात फारसं शिरत नाही. फुगा हळूहळू आतल्या आत आटतो."

"हळूहळू मंजे?" मामाजींनी विचारलं.

"काही महिने. उन्हाळ्याच्या आधी पुन्हा फोटो काढू, तेव्हा कळेल आटला की नाही."

"तवंपर्यंत?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तोवर जपायचं. त्या नळीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या आहेत. एक दिवसही चुकवायच्या नाहीत. चुकवल्या आणि गुठळी झाली तर लकवा. आणि गोळ्या चालू आहेत तोवर मार लागू द्यायचा नाही. कापलं, पडलं, डोक्याला धक्का बसला, तर रक्त थांबवणं कठीण."

मामाजींनी त्या चित्रावर बोट टेकवलं. "मंजे गोळी खाल्ली तं रगत वाहून मरतो, नाही खाल्ली तं रगत गोठून मरतो."

"नीट राहिलात तर दोन्हींनी मरत नाही," डॉक्टर हसले.

"एक इचारू? अंगावरून गाय गेली तं चालते का?"

डॉक्टरांना गंमत वाटली. "एक गाय?"

"नाही. गावाच्या साऱ्याच."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी जमिनीकडे बघत होते. विलासने घाईघाईने फाइल उचलली आणि आम्ही बाहेर आलो.

त्यानंतर घराने त्यांना जे कोंडलं ते विचारू नका. मामीजींनी घरातली धारेची एकूण एक वस्तू शेजारी नेऊन ठेवली. विळा, अडकित्ता, दाढीचं पातं, कुऱ्हाड. भाजी चिरायची तर त्या शेजारी जाऊन चिरून आणायच्या. चौकटीला जुनं गोधडं बांधलं. खर्रा बंद झाला. मामाजींची पांढरी दाढी छातीवर आली आणि ते सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बाजेवर बसून राहू लागले. नुसतं दाराला कोपर लागलं तरी दुसऱ्या दिवशी तिथे वांग्याच्या रंगाचा डाग उमटायचा. तो डाग ते मला दाखवायचे. "पाय, पिकून राह्यलो."

सगळ्यात वाईट म्हणजे गुरं. नवा ढोरकी कळप घेऊन गल्लीतून निघाला की गाई यांच्या दारासमोर थांबायच्या. आधी भुरकी थांबायची, मग तिच्या मागे सगळ्या. पुढे जायलाच तयार नसायच्या. नवा ढोरकी मागून मारायचा, गल्लीत चेंगराचेंगर व्हायची, एकदा एक कालवड कुंपणात अडकली. शेवटी ठरलं की सकाळ-संध्याकाळ गुरांच्या वेळी मामाजींनी मागच्या खोलीत जाऊन बसायचं आणि दार लावून घ्यायचं, म्हणजे गाईंना ते दिसणार नाहीत. ते निमूट उठून आत जात. बाहेर घंटा, खुरांचा आवाज, धुळीचा वास, आणि आत अंधारात हा माणूस तोंडाला दुपट्टा लावून बसलेला. हाक सुटू नये म्हणून. मी एकदा त्या वेळी गोळ्या द्यायला गेले होते, ते मी स्वतः पाहिलं. मला त्या डॉक्टरांचा, त्या गाईंचा, सगळ्यांचाच राग आला.

दसरा झाला आणि लोक येऊन बसू लागले. कुणी वाईट नव्हतं. कुणी म्हटलं नाही की झोपा. तब्येत विचारायचे, चहा प्यायचे, उठताना म्हणायचे, "मंग बुवा, यंदा कसं?" मामाजी म्हणायचे, "पाहू." पाटलांच्या घरचे आले, त्यांनी तर हात जोडले, "तुमी काही मनावर घेऊ नोका. गोधन तं होईनच, कसं बी." कसंबी म्हणजे कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

ते विलासने सांगितलं. दिवाळीच्या तोंडावर सुट्टीला आला आणि जेवताना म्हणाला, "बाबा, यंदा मी झोपतो. मान आपल्याच घराचा हाये." मामीजींच्या हातातला तवा खाली आला. विलासला दोन लहान मुली. उभा जन्म शाळेत आणि मिलमध्ये गेलेला, गाईंनी त्याला कधी हुंगलंसुद्धा नव्हतं. हे मला मामीजींनीच दुकानात येऊन सांगितलं आणि पदराने तोंड झाकून रडल्या.

आणि मग मामाजींच्या गोळ्यांची पट्टी संपायचा दिवस आला आणि कुणी न्यायला आलं नाही. मी एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी घेऊन घरी गेले. मामीजी तलावावर धुणं धुवायला गेल्या होत्या. मामाजी बाजेवर होते. मी पट्टी पुढे केली, तर त्यांनी हात पुढे केला नाही.

"हाये माह्यापाशी," म्हणाले.

"कशी असेल? मीच देते ना मोजून."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "सूनबाई, चार-आठ दिस नाही खाल्ली तं रगत पहिल्यासारखं घट्ट होते ना?"

"मामाजी! किती दिवस झाले?"

"परवापासून."

मी जे तोंड सोडलं ते गल्लीत ऐकू गेलं असेल. वडीलधारे, मामाजी, सगळं विसरले. म्हटलं, "डॉक्टर काय भाकडकथा सांगत होते का? त्या जाळीत गुठळी धरली तर अर्धं अंग जाईल. वाचा जाईल! मग मारा हाक गाईंना!"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अन् पोरगा गेला तं?"

मी पट्टी बाजेवर ठेवली.

"तुले काय वाटते, मले मराची हौस आली? रगत घट्ट झालं तं मी झोपन. मी झोपलो तं विलास नाही झोपनार. इतकंच." "मले त्या वळखतात. जितकं होते तितकं चुकवतात बिचाऱ्या. त्याले कायले चुकवतीन? त्याच्या अंगाले मशिनीच्या तेलाचा वास येते." मग खाली मान घालून, कुणी ऐकत नाही ना ते पाहून, म्हणाले, "गाय पाय देते, सूनबाई. दरवर्सी देते. लय दुखते. मी कोनालेच सांगितलं नाही."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "दरवर्षी बुढीचे गुडघे मीच बरे करते."

ते एकदम हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. मग हसता हसताच डोळे पुसले. "मंजे तुले मालूम होतं?"

"बायकोची गोळी कडू आहे का, ते गावात दुसरं कोण स्वतः गिळून बघतं?"

"लबाड हायेस."

"तुमच्यापेक्षा कमी. आता गोळी घ्या. आणि हे विलासला सांगा."

"काय सांगू? का बाप तुहा जनमभर गावाले फसवत आला? माह्या बापाचं नाव हाये त्या आखरावर. इकडं गोळी, तिकडं गाय, मधात पोरगं. मले तं दाव्यालेच बांधून टाकलं हाये." पण गोळी त्यांनी घेतली. माझ्यासमोर दोन्ही घेतल्या, आणि जीभ बाहेर काढून दाखवली, लहान मुलासारखी. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी हातपाय हलतात का, बोलणं नीट आहे का, सगळं विचारलं, पुन्हा चुकवू नका म्हणून दरडावलं आणि पाडवा झाला की लगेच आणा म्हणाले. विलासला काही सांगितल्याचं मात्र मला कळलं नाही.

पाडव्याला मी आखरावर बायकांमध्ये उभी होते. जायचं नाही असं ठरवूनही गेले होते. गुरं सजून आली होती, डफ कडाडत होते. विलास उघड्या अंगाने उभा होता, हळद लावलेली, ओठ पांढरे. तो कुणाकडेच बघत नव्हता. पूजा झाली. तो वाटेवर पालथा झोपला. त्याच्या पाठीचे मणके मला लांबून दिसत होते.

तेवढ्यात गर्दी मागून फाटली आणि लोक ओरडू लागले, "बुवा आले! लटारूबुवा आले!" मामाजी येत होते. एका हाताने काठी, दुसरा हात अनुसयामामीजींच्या खांद्यावर. मामीजींना मी आखरावर पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी डोळे गच्च मिटले होते आणि तशाच त्या पाऊल टाकत होत्या.

लोकांना वाटलं, बुवा झोपायला आले. डफवाले आणखी जोरात वाजवू लागले. मामाजींनी काठी वर केली तसे डफ थांबले. मग ते विलासच्या शेजारी उभे राहिले, बंडी वर केली आणि गावाकडे पाठ केली.

पाठीवर जुने व्रण होते. आणि गोळ्यांमुळे नुसत्या बाजेच्या काथ्याने उमटलेले काळेनिळे पट्टे होते.

"पाहून घ्या," ते म्हणाले. "गाय पाय देते. माह्या बापाले बी देत होती. तो बी घरात कन्हे अन् भाईर हासे. मी बी तसंच केलं. मले दरवर्सी भेव लागे. आजवर लाज वाटत होती म्हनून बोललो नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "मंग आता काहून बोलता, बुवा?"

"आता पोरगं झोपलं हाये," मामाजी म्हणाले. "ऊठ बा, विलास."

विलास उठला नाही. सगळ्या गावासमोर उठायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. तो मातीत तोंड घालून तसाच पडून राहिला आणि त्याचे खांदे हलत होते. दुसऱ्या टोकाला गुरं डफांच्या आवाजाने आधीच बिथरलेली. त्यांना रोखून धरणाऱ्या पोरांचे हात सुटले. भुरकी पुढे निघाली आणि तिच्या मागे सगळ्या.

माझ्या मनात एकच आलं, आता दोघंही जातात.

मामाजी बाजूला झाले. वाट सोडून तलावाच्या अंगाला, जितकं त्यांना भरभर चालता येईल तितकं चालत गेले. आणि तिथून त्यांनी हाक दिली. इतक्या महिन्यांची दुपट्ट्यात कोंडलेली हाक. ती आधी फाटली, मग लागली, आणि वर चढली.

भुरकी पळता पळता थबकली. कान हलले. मग ती वळली, आणि नदीने वळण घ्यावं तसं सगळं गोधन विलासच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून वळून त्या हाकेमागे गेलं. मामाजी थांबले नाहीत, त्यांनी मागेही पाहिलं नाही. काठी खांद्यावर आडवी टाकली आणि तलावाच्या वाटेने पुढे चालत राहिले. गाईंनी त्यांना गाठलं तेव्हा त्यांचं पळणं चालण्यावर आलं होतं. धूळ खाली बसली तेव्हा विलास उठून बसला होता, आणि अनुसयामामीजींनी डोळे उघडले होते.

गावाने काय केलं? फार काही नाही. काहीजण बरेच दिवस मामाजींशी बोलले नाहीत. काहीजण म्हणाले की यंदाचं गोधन फुकट गेलं. पुढच्या दिवाळीला ठराव नाही, चर्चा नाही, पण वाटेवर कुणी झोपलं नाही. गाई आल्या, डफ वाजले आणि सगळे घरी गेले. त्याआधीच, उन्हाळ्याच्या तोंडावर, नागपूरला पुन्हा फोटो निघाला होता. फुगा आटला होता. दोनपैकी एक गोळी बंद झाली, एक जन्मभर राहिली. गुरांकडे परत जायला मात्र डॉक्टरांनी आणि मामीजींनी मिळून बंदी घातली, आणि मामाजींनी ती मानली. गाई अजून दाराशी थांबत. फक्त आता ते आत जाऊन दार लावत नसत, सपरीतून हात हलवून त्यांना पुढे काढून देत.

मुलांच्या शाळेसाठी आम्ही भंडाऱ्याला राहायला गेलो, दुकान दिराने घेतलं. जायच्या आधीची ती शेवटची दिवाळी. भाऊबीजेच्या सकाळी मी शटर अर्धं वर केलं आणि खालून काठी दिसली. मग ते पाय.

"सूनबाई, बुढीच्या गुडघ्यांसाठी गोळी दे."

"मामाजी, तुम्ही काल... कुठे गेला होतात? खरं सांगा! ती दुखण्याची गोळी तुम्हाला चालत नाही, रक्त पातळ आहे तुमचं!"

त्यांनी काठीने रस्त्याकडे दाखवलं. पलीकडच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर अनुसयामामीजी बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. दुकानाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून तिथेच थांबल्या होत्या.

"खरंच तिच्यासाठी पायजे," मामाजी म्हणाले. "आता दिसभर घरातच राह्यतो, तं दिसते. उठता-बसता हाय-हाय करते. काल इचारलं, कवापासून दुखते व? तं म्हन्ते, विलास लहान होता तवापासून." ते छताकडे बघू लागले. "इतके वर्स तिच्या गुडघ्याच्या नावानं गोळ्या मी खाल्ल्या. अन् तिचे गुडघे खरंच दुखत होते. मी कधी इचारलंच नाही."

मी त्यांना गोळ्या दिल्या, चोळायची ट्यूब दिली, माठातलं पाणी पेल्यात भरून दिलं. पेला सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरून ते रस्ता ओलांडून गेले. मामीजींनी गोळी घेतली. मग त्या उठल्या आणि घराकडे निघाल्या, एकेक पाऊल मोजत. आणि जन्मभर कळपाच्या पुढे चाललेला तो माणूस रिकामा पेला हातात घेऊन, तिच्या चालीने, तिच्या मागून चालत गेला. पेला परत द्यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.